सुटीतली दोन पुस्तके आणि एक नाटक

उन्हाळ्याची सुटी संपून कॉलेज उघडले, की प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रश्न हटकून निघतो. "काय, यंदा सुटीत काय वाचलंत?" विचारणाऱ्याला तुमचे उत्तर नको असते. त्याला स्वतः वाचलेले सांगायचे असते आणि त्याची ही प्रस्तावना असते. मी आज ती प्रस्तावनाही गाळतो. तुम्ही विचारले आहे असे धरून चालतो.

खरे म्हणजे अर्धा मे महिना पेपर तपासण्यात गेला. उत्तरपत्रिका वाचणे याला वाचन म्हणत असतील, तर माझ्याइतका बहुश्रुत माणूस विरळाच म्हणायचा. एकच उत्तर साठ हस्ताक्षरांत वाचायचे, आणि ते उत्तर बहुधा आपणच वर्गात सांगितलेले! ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

पेपर संपले आणि गावी गेलो. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूरच्या अलीकडे. पिशवीत दोन जाड समीक्षाग्रंथ होते. ते मी दरवर्षी नेतो आणि दरवर्षी परत आणतो. कोकणच्या दमट हवेने त्यांची बांधणी सैल झाली आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला ते पुष्कळ वाचलेले वाटतात. मोबाईलवर एक मालिकाही पाहिली. आठ भाग पाहिले, आणि आता तिच्यात खून कोणी केला होता तेही आठवत नाही. तेव्हा ती सोडून देऊ.

वाचले ते निराळेच. पहिले, गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना नावाने ऐकले असेल. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी आली, म्हणून 1857 साली काकांना बरोबर घेऊन हा तिशीतला माणूस दक्षिणा मिळवायला निघाला, आणि नेमका बंडाच्या वणव्यात जाऊन पडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. शहर लुटले गेले ते त्याने पाहिले, स्वतःही नागवला गेला. पुढे वीसएक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे आठवून लिहिले. वैद्यांनी भाषेवर हात फिरवून 1907 साली ते छापले, आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून 1966 साली ते पुन्हा काढले. दोन्ही मिळाली तर पोतदारांची प्रत वाचा. वैद्यांच्या हातातली कात्री तशी चांगल्या हेतूची होती, पण शेवटी कात्रीच.

या पुस्तकाची मौज अशी, की राज्ये बुडत आहेत, तोफा चालल्या आहेत, आणि आपला भटजी आज जेवण कुठे झाले, दक्षिणा काय मिळाली हे विसरत नाही. इतिहासकार नेमके हेच गाळतो. मी पंधरा वर्षांपूर्वी हे पुस्तक वाचले तेव्हा झाशीच्या राणीसाठी वाचले. या खेपेला त्या भटजीसाठी वाचले. घरावर कर्ज आहे, म्हणून माणूस एवढ्या लांब जातो, आणि सगळे गमावून गंगेची कावड तेवढी घेऊन परत येतो. माझ्याही डोक्यावर आता घराचे हप्ते आहेत, त्याचाही हा परिणाम असेल.

दुसरे पुस्तक मी वाचले असे म्हणता येत नाही. मी ते वाचून दाखवले.

गावच्या घरी माझी आत्या राहते. वय ब्याऐंशी. मोतीबिंदू काढून झाले, पण पुढे नजरेचा मधलाच भाग गेला. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. ती म्हणते, "तू समोर बसलास की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. बरंच आहे." वाचनाची तिला फार आवड. वाचनालयातून महिन्याला चार पुस्तके आणायची. ते बंद झाल्याला दोन वर्षे झाली. मी गेल्या गेल्या तिने सांगितले, "तू मास्तर ना? मग वाच." आणि पुस्तकही तिनेच नेमून दिले: लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'.

हे पुस्तक मी शिकवलेले आहे. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आले. बाईंना शाळेचे शिक्षण नाही. नर्मविनोद, साधी बोलीभाषा, करुण आणि हास्य यांचे मिश्रण! माझ्या टिपणांत सगळे आहे. पण मोठ्याने वाचायला बसलो आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले, की हे पुस्तक डोळ्यांनी वाचायचे नाहीच. जिथे बोलणारी बाई श्वास घेईल तिथे वाक्य थांबते. मला एकदाही ठेच लागली नाही. एरवी वर्गात एखादा निबंध मोठ्याने वाचताना अर्ध्या वाक्यात माझा दम संपतो आणि क्रियापद अजून पुढच्या ओळीत असते.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मीठसुद्धा धुवायचे! तिथे आत्याने मला थांबवले. "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. पदराने डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "आमच्या सासूबाई मिठाला तेवढं सोडायच्या."

पुढे 1895 साल आले. टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या, आणि नवराबायकोची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. तो भाग वाचायला आम्हांला चार दुपारी लागल्या, कारण आत्या मध्येच "आज पुरे" म्हणायची आणि उठून फणसाचे गरे सोलायला बसायची. एकदा म्हणाली, "बघ, रडते आहे बाई, पण हसवल्याशिवाय पुढे जात नाही." माझ्या टिपणांतला 'नर्मविनोद' हाच असावा.

आता नाटकाकडे येतो.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले, की आमच्या वाडीत देवळापुढच्या मांडवात एक नाटक होते. यंदा त्यांनी 'एकच प्याला' धरले होते. मी ऐकले तेव्हा मला हसूच आले. शंभर वर्षे उलटून गेलेले नाटक. राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, 20 फेब्रुवारी 1919 ला बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गडकरी ते पाहू शकले नाहीत. गेले तेव्हा ते अवघे तेहेतीस वर्षांचे होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी केली. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. शालू आणि पैठण्यांसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व त्यात ठिगळाचे लुगडे नेसून उभे राहिले आणि लोक रडले. हे सगळे मी वर्गात सांगतो, आणि त्यानंतर जरा मिस्कील आवाज काढून हेही सांगतो, की नाटक फार भडक आहे, सिंधूसारखी बाई हाडामांसाची वाटत नाही, आणि दारूबंदीच्या या नाटकात प्रेक्षकांना सर्वांत जास्त आवडतो तो तळीराम! वर्ग हसतो.

एका वर्षी एका मुलीने मागच्या बाकावरून विचारले होते, "सर, शेवटी नवऱ्याने मारलं असताना सिंधू फौजदाराला खोटं का सांगते?" आपण होऊनच पडलो असे ती मरताना सांगते, तो प्रसंग. मी उत्तर दिले, "पातिव्रत्याचा तत्कालीन आदर्श." तिने ते लिहून घेतले. परीक्षेत साठ जणांनी तेच लिहिले. सगळ्यांना मी गुण दिले.

आत्या म्हणाली, "मला ने. दिसलं नाही तरी ऐकीन." पहिल्या रांगेत तिला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली, शेजारी मी. रात्री दहाची वेळ होती, पडदा साडेअकराला वर गेला. पदांपैकी चारच ठेवली होती, आणि ती चारही ऐकताना पेटीवाल्याची कीव येत होती. सुधाकर चांगला होता. तळीराम तर फारच चांगला, आणि आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशाला मांडव डोक्यावर घेतला गेला. मांडवाच्या मागे, काजूच्या झाडाखाली, पाचसहा जण खऱ्या मदिरेची व्यवस्था करून बसले होते आणि तिथून 'वन्समोअर' येत होता. मी मनात म्हटले, माझे बरोबर आहे.

सिंधूचे काम वाडीतल्याच एका मुलीने केले. मुंबईला एका रुग्णालयात ती नर्स आहे. आवाज बेताचा. जात्याचा प्रवेश तिने कसाबसा निभावला. पण शेवटच्या अंकात ती खाली पडून होती आणि फौजदार विचारू लागला, तेव्हा तिने एक गोष्ट केली. ती रडली नाही, विव्हळली नाही. अगदी सरळ, सपाट आवाजात, आधी पाठ करून ठेवल्यासारखे, आपण पडलो असे सांगितले, आणि सांगताना एक हात कपाळावर जखमेवर ठेवला. दाखवायला नव्हे, झाकायला. मांडवात काही आवाज नव्हता. काजूखालची मंडळीही गप्प होती.

मी सहज शेजारी पाहिले. आत्याचा हात तिच्या स्वतःच्या भुवईवर होता.

त्या भुवईत एक जुना वण आहे. आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आत्या विहिरीवर पडली होती, असे आम्हांला सांगितलेले. आमचे यजमान, म्हणजे आत्याचे पती, मी पाचसहा वर्षांचा असतानाच वारले. त्यांच्याबद्दल घरात फार बोलत नसत, आणि मीही कधी विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, हेच मला चाळिशी उलटेपर्यंत सुचले नाही. मी साहित्य शिकवतो.

नाटक संपल्यावर त्या मुलीला भेटलो. काम फार छान झाले, तो शेवटचा प्रसंग तुला कोणी बसवून दिला, असे विचारले. ती कपाळावरचा लाल रंग कापसाने पुसत होती. म्हणाली, "कोणी नाही, काका. आमच्याकडे येतात ना अशा पडलेल्या बायका. सगळ्याजणी असंच सांगतात. एकाच आवाजात."

घरी यायला तीन वाजले. झोप येणार नव्हती, म्हणून आत्याने चहा ठेवायला सांगितले. मी चहा केला. मागच्या पडवीत बसलो. मी मोठ्या धीराने म्हटले, "आत्या, त्या सिंधूने असं का सांगितलं असेल गं? तिचा भाऊ पैसेवाला आहे, माहेर भरलेलं आहे. तिला कसली भीती?"

आत्या बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसली. मग म्हणाली, "भीती नव्हे रे. सगळे जण तिला सांगत होते, ये माहेरी, सोड त्याला. तिनं ऐकलं नाही. आपलं खरं, म्हणून बसली. आता मरताना त्यांना सांगायचं का, की तुमचं बरोबर होतं? नवऱ्याला वाचवायला नाही बोलली ती. तिचं तिला राखायचं होतं काहीतरी."

मी गप्प राहिलो. तीही गप्प राहिली. वणाबद्दल मी विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

माझे मत मी पुरते बदलले आहे असे नाही. 'एकच प्याला' आजही मला जागोजाग भडक वाटते; उपकथानकातला भगीरथ आणि शरद यांचा भाग कापला तरी चालेल असे वाटते, आणि तळीरामाबद्दलची माझी तक्रार काजूच्या झाडाखाली सिद्धच झाली. पण सिंधू हाडामांसाची नाही, हे वाक्य मी टिपणांतून खोडले. पातिव्रत्याचा आदर्श ही ओळही खोडली. तिच्या जागी काय लिहावे हे ठरलेले नाही. आत्याचे लिहावे, की त्या नर्सबाईचे? दोघींचे एक नाही. एक म्हणते तिला काही राखायचे होते, दुसरी म्हणते सगळ्याजणी एकाच आवाजात सांगतात. यंदा तो प्रश्न मी वर्गालाच घालणार आहे आणि उत्तर लिहून देणार नाही. मुलांना ते आवडणार नाही, हे मला माहीत आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा पत्ता असता तर तिला कळवले असते.

'स्मृतिचित्रे' सुटीत पुरे झाले नाही. राहिलेला भाग आता दर रविवारी दुपारी फोनवरून वाचतो. आत्या पलीकडे काही बोलत नाही. मध्येच फोन लागलेला आहे की तुटला हे कळावे म्हणून मी थांबतो, तर लगेच "वाच, वाच" असे येते.

हे भाषण ठरले तेव्हा, त्या रात्रीचे बोलणे यात घालू का, असे मी तिला विचारले. नको म्हणाली असती तर नाटकाचा भाग मी गाळणार होतो. ती थोडा वेळ बोलली नाही. मला वाटले फोन तुटला. मग म्हणाली, "वणाचंसुद्धा सांगणार आहेस?"

मी म्हटले, "तू म्हणशील तसं."

"सांग," ती म्हणाली. "आणि किती वाजता लागणार आहे ते नीट विचारून ठेव. शेजारच्या सुमनलाही बोलावते ऐकायला."