वक्र पृष्ठभागाची कापणी आणि वऱ्हाडातील तरुण कारागीर

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव पेठ हे गाव आता औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. येथे वस्त्रोद्योगाचे कारखाने उभे राहिले आहेत. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच असलेले, एकूण १३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्रही याच परिसरात आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये 'पीएम मित्र' योजनेखाली देशात सात वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली. त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले, सुमारे एक हजार एकरांचे उद्यान नांदगाव पेठ येथील असून त्याची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभात बसविण्यात आली.

कारखाना आला की काम येते, हे खरे. परंतु त्यातील कोणते काम गावातील तरुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न उरतोच. सूतगिरणीला प्लॅस्टिकच्या बॉबिन लागतात आणि बॉबिनसाठी साचा लागतो. शेतातील पंपाला पंखा लागतो आणि त्याची पाती वक्र असतात. असा साचा किंवा असे पाते पोलादातून कोरून काढणारा कारागीर जिल्ह्यातच तयार व्हावयाचा असेल, तर त्याला संगणकनियंत्रित यंत्रावर, म्हणजेच सीएनसी यंत्रावर, वक्र पृष्ठभाग कापण्याची विद्या आली पाहिजे. यंत्राचे बटण दाबणे आणि यंत्राने कोणत्या मार्गाने जावे हे ठरविणे, या दोन कामांत मजुरी आणि कसब यांच्याइतके अंतर आहे.

वक्र पात्यातून जन्मलेले तंत्र

अंकनियंत्रणाची कल्पनाच मुळी वक्र आकाराच्या अडचणीतून निघाली. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आकार अचूक मिळवावयाचा होता. वक्ररेषेवरील बिंदू आधी गणिताने काढावयाचे आणि कापणारे हत्यार त्या बिंदूंवरून न्यावयाचे, हा त्यांचा विचार होता. त्यातून पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ मध्ये पहिले अंकनियंत्रित मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यात आले. नंतर फ्रान्समधील मोटार कारखान्यांत बेझिए आणि द कास्तेल्जो यांनी वक्र पृष्ठभाग गणितात बसविण्याच्या पद्धती शोधल्या. आज संस्थेतील विद्यार्थ्याच्या पडद्यावर दिसणारा पृष्ठभाग या परंपरेतूनच आलेला आहे.

नांगरट आणि समपातळी बांध

पृष्ठभागावरून हत्यार ज्या वाटेने जाते, तिला टूलपाथ म्हणतात. ही कल्पना शेतकऱ्याच्या मुलाला परकी वाटण्याचे कारण नाही. शेतात नांगर एका तासाशेजारी दुसरे तास काढीत जातो, त्याप्रमाणे गोल टोकाचा कटर धातूवर समांतर रेघा काढीत जातो. दोन तासांमध्ये जसा मातीचा उंचवटा राहतो, तसा दोन रेघांमध्ये धातूचा बारीक उंचवटा राहतो. रेघांमधील अंतराचा वर्ग कटरच्या त्रिज्येच्या आठपटीने भागला असता या उंचवट्याची उंची जवळजवळ बरोबर मिळते.

१० मिलिमीटर व्यासाचा कटर घेतला आणि रेघांमध्ये १ मिलिमीटर अंतर ठेवले, तर उंचवटा ०.०२५ मिलिमीटर राहतो. अंतर अर्धा मिलिमीटर केले तर तो ०.००६ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे अंतर निम्मे केल्यास खडबडीतपणा चौथाईवर येतो, परंतु वेळ दुप्पट लागतो. १०० मिलिमीटर लांबीरुंदीचा भाग मिनिटाला १००० मिलिमीटर गतीने कापताना, १ मिलिमीटर अंतराला सुमारे दहा मिनिटे लागतात, तर अर्ध्या मिलिमीटरला वीस. कोणत्या जॉबला किती सफाई पुरे आहे, हे ठरविणे हा हिशेबाचा भाग होय.

मात्र उतारावर हा हिशेब बदलतो. वरून पाहता सारख्या अंतरावर दिसणाऱ्या समांतर रेघा ६० अंशांच्या उतारावर प्रत्यक्षात दुप्पट दूर पडतात आणि तेथे उंचवटे मोठे राहतात. अशा ठिकाणी समपातळी बांधाप्रमाणे एकेका उंचीवरून कटर फिरवावा लागतो. बांधांची आखणी पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, उंचीतील फरक सारखा ठेवला तर तीव्र उतारावर समपातळी रेषा जवळ येतात आणि सपाटीवर दूर जातात. म्हणून सपाट भागाला समांतर मार्ग, उभ्या भागाला समपातळी मार्ग आणि दोन्हींच्या सीमेवर थोडी परस्परव्याप्ती, हा नियम विद्यार्थ्याने प्रथम आत्मसात करावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. गोल टोकाच्या अगदी मध्यबिंदूला कापण्याची गती शून्य असते. १० मिलिमीटर व्यासाच्या कटरने सपाट पृष्ठभागावर केवळ ०.२ मिलिमीटर खोल कापले, तर प्रत्यक्ष कापणारा व्यास २.८ मिलिमीटरच असतो. मिनिटाला ६००० फेरे असताना पूर्ण व्यासावर १८८ मीटर दिसणारा वेग तेथे सुमारे ५३ मीटर भरतो. टोक कापण्याऐवजी घासू लागते आणि चकाकी जाते. यंत्र सदोष नसते. हिशेब चुकीच्या व्यासावर केलेला असतो.

दोष शोधण्याचा क्रम

शिकताना चुका होणारच. परंतु कटर तुटला की विद्यार्थी यंत्राला भितो, आणि महाग यंत्राच्या काळजीपोटी शिक्षकही त्याला यंत्रापासून दूर ठेवू लागतो. यंत्र झाकून ठेवले गेले की प्रशिक्षण फळ्यावर उरते. यावर उपाय म्हणजे दोष शोधण्याचा ठरलेला क्रम होय.

पहिली पाहणी आकृतीची. एका संगणकप्रणालीतून दुसरीत आणलेला आकार पुष्कळदा निरनिराळ्या तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात. त्या फटीत हत्यार अकस्मात खाली जाते. म्हणून मार्ग काढण्यापूर्वी तुकडे जोडून घ्यावेत.

दुसरी पाहणी हत्याराची. आतल्या कोपऱ्याची गोलाई ३ मिलिमीटर त्रिज्येची असेल, तर ५ मिलिमीटर त्रिज्येचा कटर तेथे पोहोचणार नाही आणि धातू शिल्लक राहील. तो नंतर लहान कटरने काढावा लागतो. लांब कटर थरथरतो, तेव्हा तो जरुरीपेक्षा अधिक बाहेर काढू नये.

तिसरी पाहणी सहनमर्यादेची. संगणक वक्ररेषेचे लहान सरळ तुकडे करतो. मर्यादा ढिली ठेवली तर पृष्ठभागावर पैलू दिसतात. फार कडक ठेवली तर ओळींची संख्या अतोनात वाढते आणि जुन्या नियंत्रकाला त्या वेळेवर वाचता न आल्यामुळे यंत्र अडखळत चालते. अडखळल्याच्या खुणा जॉबवर उमटतात.

चौथी पाहणी भाषांतराची. पडद्यावरील मार्ग यंत्राच्या संकेतभाषेत उतरविणारी प्रणाली, म्हणजे पोस्ट प्रोसेसर, त्याच नियंत्रकासाठी आहे काय? एकक मिलिमीटर आहे की इंच? इंचाचा आकडा मिलिमीटर म्हणून वाचला गेला तर माप २५.४ पटींनी चुकते. जॉबचा शून्यबिंदू आणि हत्याराची लांबी बरोबर नोंदली आहे काय? पडद्यावर सर्व ठीक आणि यंत्रावर चूक, असे घडले तर कारण बहुधा येथेच सापडते.

यानंतर हत्यारधारकासह पूर्ण अनुकरण पडद्यावर पाहावे, जॉबच्या वर हवेत एकेक ओळ चालवावी आणि पहिला तुकडा नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो.

शिक्षकांचे व पंचायतीचे कार्य

संगणकप्रणालीतील सूचना इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी सूचना न वाचताच ती पुसून टाकतो, हीच अनेक चुकांची सुरुवात होय. शिक्षकाने वारंवार येणाऱ्या सूचनांचा मराठी अर्थ, संभाव्य कारण आणि उपाय असा तक्ता कार्यशाळेत लावावा. प्रत्येक दोषाची तारीखवार नोंदवही ठेवावी. तुटलेले कटर फेकून न देता कारणाच्या चिठ्ठीसह मांडून ठेवावेत. पुढील तुकडीला ते पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकवतील.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. चौकट जुनी व भक्कम आहे. तिच्यात गावची मुले पोहोचविणे हे पंचायतीचे काम. दहावी झालेल्या मुलामुलींना मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर हे व्यवसाय म्हणजे काय, ते ग्रामसभेत समजावून सांगावे. मुलींना संस्थेत जाण्यायेण्याची सोय आहे की नाही, याची चौकशी करावी. कारखान्याकडे नोकऱ्या मागताना, तेथील यंत्रशाळेत किती शिकाऊ उमेदवार घेतले जातील, हा प्रश्नही विचारावा.

जमीन गावाची गेली आणि कसब बाहेरून आले, तर औद्योगिक क्षेत्राच्या फाटकावर पहारा करणे एवढेच गावच्या वाट्याला उरते. कटर कशामुळे तुटला हे स्वतः शोधून, तो बदलून काम पुढे नेणारा तरुण वऱ्हाडातील संस्थांत घडला, तर यंत्रशाळेत त्याची जागा पक्की होईल.