गोठलेलें बोट आणि पिस्तुलाचा नेम

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें 1800 मीटर उंचीवर, आल्प्स पर्वताच्या कुशींत वसलेलें आहे. 1948 सालच्या जानेवारी-फेब्रुवारींत तेथें हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले. त्या सामन्यांत प्रदर्शनादाखल एक खेळ असा ठेवण्यांत आला कीं, जो त्यापूर्वीं ऑलिंपिकांत कधीं झाला नव्हता आणि त्यानंतरहि झालेला नाहीं. त्याचें नांव हिंवाळी पंचक्रीडा. बर्फावरून स्कीवर दहा किलोमीटर धांवणें, पिस्तुलानें नेम मारणें, डोंगरउतारावरून स्कीवर वेगानें घसरत येणें, तलवारीचे हात करणें आणि घोडा फेंकणें, अशा पांच परीक्षा एकाच खेळाडूनें द्यावयाच्या होत्या. चौदा खेळाडू उतरले, आणि पहिले तिन्ही क्रमांक स्वीडनच्या गुस्ताफ लिंड, विल्यम ग्रुट व बर्टिल हासे यांनीं पटकावले. यांपैकीं दुसऱ्या आलेल्या ग्रुटनें त्याच वर्षीं लंडन येथें उन्हाळी ऑलिंपिकांतील पंचक्रीडेंत घोडदौड, तलवार व पोहणें या तिन्ही परीक्षांत पहिला क्रमांक मिळवून सुवर्णपदक जिंकलें. नेमबाजींत मात्र तो पांचवा आला. ज्याच्यापुढें घोड्यावर, पाण्यांत आणि तलवारीच्या मैदानांत कोणाचा टिकाव लागला नाहीं, त्यालाहि पिस्तुलानें तेवढी दाद दिली नाहीं. आणि तीहि लंडनच्या उन्हाळ्यांत. मग हेंच हत्यार बर्फांत हातीं घ्यावें लागलें म्हणजे काय होत असेल?

पंचक्रीडेच्या त्या पांच परीक्षांकडे बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील चार परीक्षांत शरीर सारखें हालत असतें. स्कीवर धांवणाऱ्याच्या अंगांतून कडाक्याच्या थंडींतहि घाम निथळतो. तलवार खेळणारा क्षणभर स्वस्थ नसतो. घोडेस्वाराला घोड्याच्या अंगाची ऊब मिळते. पिस्तूल चालविणारा तेवढा एका जागीं खिळून उभा राहतो. त्यानें हालावयाचें नाहीं, थरथरावयाचें नाहीं, श्वासहि घटकाभर रोखून धरावयाचा. धांवत्या माणसाच्या मागें थंडी लागते, परंतु उभ्या माणसाला ती गांठतेच. म्हणून हिंवाळ्यांत उघड्या मैदानावर होणारा पिस्तुलाचा सामना दिसावयास कितीहि शांत असला, तरी थंडीचा मारा जितका त्यांत लागतो तितका फार थोड्या खेळांत लागत असेल.

पिस्तूल हें हत्यारच मुळीं मोठें मानी आहे. बंदूक खांद्याला टेकते, गालाला भिडते, दोन हातांवर तोलली जाते. ऑलिंपिक पद्धतीच्या सामन्यांत पिस्तूल एकाच हातानें, हात पूर्ण लांबवून धरावें लागतें. त्याला दुसरा आधार नाहीं. नळी एका अंशानें जरी कलली, तरी 25 मीटरवर गोळी सुमारें 44 सेंटिमीटर दूर जाते. आणि जेथें एकेक गोळी सावकाश, नेम धरून मारावयाची असते, त्या लक्ष्यावरचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें 5 सेंटिमीटर व्यासाचें असतें! अशा हिशेबांत मनगटाची एक कंपनरेषा, बोटाचा एक अधिक उणा दाब, सर्व मेहनत मातीस मिळवावयास पुरेसा होतो. या सर्वांत नाजूक काम ज्या अवयवाकडे आहे, तें म्हणजे चाप ओढणारें एक बोट. आणि थंडी प्रथम झडप घालते ती नेमकी बोटांवर.

याचें कारण शरीराच्या राज्यकारभारांत आहे. बाहेर पारा उतरूं लागला म्हणजे शरीर प्रथम काळीज, फुप्फुसें व मेंदू यांचा बचाव करतें. वेढा पडलेल्या गडावरचा किल्लेदार जसा माची सोडून बालेकिल्ला संभाळतो, तसें हें आहे. हातापायांच्या त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, उबदार रक्ताचा पुरवठा घटतो आणि बोटें पांढुरकीं पडूं लागतात. हाताच्या त्वचेचें उष्णतामान साधारणतः 15 अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं बोटांची चलाखी मंदावते. 8 अंशांच्या आसपास स्पर्शज्ञानच झपाट्यानें लोपूं लागतें. इंग्लंडांतील शरीरशास्त्रज्ञ सर टॉमस लुईस यांनीं 1930 सालीं या अवस्थेंतील एक चमत्कार नोंदून ठेवला. अतिशय थंड झालेल्या बोटांतील रक्तवाहिन्या कांहीं मिनिटांनीं आपोआप उघडतात, बोट थोडें तापतें, आणि त्या पुन्हां मिटतात. गडावरून अधूनमधून माचीकडे रसद पाठवावी तसाच हा प्रकार. परंतु ही रसद नेमबाजाच्या सोयीनें येत नाहीं. ती येईपर्यंत पंचाची शिट्टी थांबत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. बोटें हालविणारे बलवान् स्नायु बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्यें असतात, आणि कळसूत्री बाहुली दोऱ्यांनीं नाचवावी त्याप्रमाणें लांब कंडरांच्या योगें बोटांना ओढतात. म्हणून नुसता पंजा झांकून भागत नाहीं. मनगटापाशीं बाहीची फट राहिली आणि तेथून वारा शिरला, तर हातमोजा कितीहि उत्तम असला तरी बोट जड होतें. अनुभवी नेमबाज मनगट व कोपराखालचा हात लोकरीनें लपेटून ठेवतात, डोकें व कान झांकतात, आणि पायांखालीं फळी किंवा जाड चटई घेतात. गोठलेली जमीन तळव्यांतून ऊब शोषून घेते, आणि एकदां अंगाला हुडहुडी भरली कीं नेमाची आशाच सोडावी. हुडहुडी म्हणजे ऊब उत्पन्न करण्यासाठीं स्नायूंनीं आपण होऊन चालविलेली धडपड. तिच्यावर इच्छाशक्तीचा अंमल चालत नाहीं.

थंडीचा मार केवळ पाऱ्यावरून मोजतां येत नाहीं, हेंहि या मैदानावर लवकर कळतें. अंगाभोंवतीं तापलेल्या हवेचा जो पातळ थर असतो तो वारा उडवून नेतो. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं दक्षिण ध्रुवप्रदेशांत पाणी किती वेगानें गोठतें हें वाऱ्याच्या निरनिराळ्या वेगांत मोजून पाहिलें आणि त्याचे निष्कर्ष 1945 सालीं प्रसिद्ध केले. वाऱ्यामुळें थंडी किती अधिक लागते याचा हिशेब करण्याची रीत तेथूनच रूढ झाली. निवांत हवेंत उणे 5 अंशांवर सुखानें उभा राहणारा माणूस त्याच उणे 5 अंशांत वारा सुटला कीं कासावीस होतो. मग लांबविलेला हात वाऱ्यानें हेलकावतो तें निराळेंच.

माणसाची ही गत, तर हत्याराची कांहीं वेगळी नाहीं. यंत्राला घातलेलें साधें तेल थंडींत घट्ट होऊन मधासारखें चिकटतें. ज्या पिस्तुलांत एक गोळी सुटतांच तिच्याच धक्क्यानें रिकामी पुंगळी बाहेर पडून दुसरें काडतूस आपोआप चढतें, त्याची सरकती बाजू त्यामुळें रेंगाळते. इकडे काडतुसांतील दारूहि गारठ्यांत किंचित् सावकाश जळते. गोळीचा वेग थोडा घटतो आणि मागें बसणारा धक्काहि थोडा मंदावतो. 25 मीटरच्या अंतरावर वेगाच्या या घटीनें नेमांत फारसा फरक पडत नाहीं. परंतु उणावलेला धक्का आणि घट्ट झालेलें तेल यांची गांठ पडली म्हणजे पिस्तूल अर्ध्यांतच अडतें. म्हणून हिंवाळ्यांत जुनें तेल पुसून काढून फार पातळ तेलाचा नुसता हात फिरवितात. याहून घातक चूक म्हणजे गारठलेलें पिस्तूल शेगडीच्या खोलींत आणणें. उबदार हवेंतील बाष्प थंड पोलादावर दंवासारखें जमतें, बारीक फटींत शिरतें, आणि तेंच हत्यार पुन्हां बाहेर नेलें कीं त्या पाण्याचें बर्फ होऊन सर्व कळा जखडून जातात. यास्तव सामना संपेपर्यंत हत्यार थंडींतच, परंतु नजरेखालीं व कुलपाआड, ठेवण्याचा प्रघात आहे.

डोळ्यांचीहि परीक्षा असतेच. ऊन पडलें तर बर्फावरून परतणारा प्रकाश डोळे दिपवितो. आभाळ भरलें तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरें लक्ष्य हरवतें. नेमबाजाच्या स्वतःच्या श्वासाची वाफ चष्म्यावर धरते, आणि चष्मा पुसावयास हातमोजा काढला तर बोट गारठतें. अलीकडे पुष्कळ पिस्तुलांवर नळीच्या टोकावरील माशीऐवजीं कांचेंत लाल ठिपका दाखविणारें साधन बसवितात. त्याची कांचहि धुरकटते आणि साध्या विजेरीचा जोर गारठ्यांत ओसरतो. म्हणून लिथियमची विजेरी वापरण्याकडे कल असतो.

आतां या साऱ्या खटाटोपाचा मर्मभाग, तो म्हणजे हातमोजा. 25 मीटरच्या सामन्यांतील पिस्तुलाचा चाप निदान 1 किलोग्रॅमचा भार सोसणारा असावा असा नियम आहे. तरबेज बोटाला त्या भारांतील अंश न् अंश कळतो. चाप कोठें सैल आहे, कोठें अडतो, आणि कोणत्या केसभर हालचालीनंतर तो सुटणार, हें त्याला डोळे मिटूनहि सांगतां येतें. बोट बधिर झालें कीं हें सर्व ज्ञान मावळतें. जाड मोजा चढविला तर तें ज्ञान बोटापर्यंत पोंचतच नाहीं. म्हणजे उघडें बोट गोठतें आणि झांकलेलें बोट आंधळें होतें! या पेंचांतून सुटण्याचा मार्ग धिमेपणाचा आहे. आपली पाळी येईपर्यंत हात जाड मोज्यांत, खिशांत, उष्णतेच्या पुडीशीं धरावा. पाळी येतांच मोजा काढून किंवा अगदीं पातळ मोजा ठेवून पांच गोळ्या माराव्या, आणि लगेच हात पुन्हां आंत घ्यावा. ज्याला हा क्रम साधला त्याला सामना साधला. जो मर्दुमकी दाखविण्यासाठीं पहिल्यापासून उघड्या हातांनीं उभा राहतो, त्याचे शेवटचे गुण पहिल्या फेरींतच हरवलेले असतात.

परंतु येथें गुणांपेक्षां मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. बधिर बोटाला आपण चापाला टेकलों आहों कीं नाहीं हें समजत नाहीं, आणि तें समजण्यापूर्वींच गोळी सुटूं शकते. ही भीति हालचालीच्या सामन्यांत विशेष. 1976 सालीं अमेरिकेंतील मिसुरी राज्यांत कोलंबिया येथें या प्रकारच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या खेळांत नेमबाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं धांवत, घड्याळाशीं स्पर्धा करीत लक्ष्यें वेधतो. मिनेसोटा, मिशिगन यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत जानेवारींत पारा दिवसचे दिवस शून्याखालीं असतो. तरी तेथील कांहीं हौशी मंडळी उघड्या मैदानावर हा खेळ चालू ठेवतात. कागदी लक्ष्यावरील भोंकें बुजविण्याच्या चिकट चकत्या गारठ्यानें चिकटत नाहींत. हिमापासून वांचविण्यासाठीं लक्ष्यांना पारदर्शक पिशव्या घालाव्या लागतात. गरम पुंगळ्या बर्फांत वितळून खोल जातात आणि वसंतऋतूंत सांपडतात. या गमतीच्या गोष्टी झाल्या. पायाखालचें निसरडें बर्फ ही गमत नव्हे. भरलेलें पिस्तूल हातीं असतांना पाय घसरला, तर हातापायांची स्वाभाविक प्रतिक्रिया मूठ आंवळण्याची असते. म्हणून धांवतांना बोट चापाच्या कडीबाहेर ताठ ठेवणें हा तेथें अनुल्लंघनीय नियम आहे, आणि हत्यार धोकादायक रीतीनें हाताळणाऱ्यास सामन्यांतून बाद करतात. उन्हाळ्यांत हा नियम शिस्तीचा वाटतो. हिंवाळ्यांत तो जिवाचा असतो.

तेव्हां थांबावें केव्हां, हा प्रश्न उरतो. स्की आणि बंदूक यांची जोड असलेला बायथलॉन हा खेळ 1960 सालीं स्क्वॉ व्हॅली येथील हिंवाळी ऑलिंपिकांत प्रथम खेळला गेला. थंडी हेंच ज्याचें अंगण, त्या खेळानेंहि स्वतःला मर्यादा घालून घेतली आहे. पारा उणे 20 अंशांखालीं उतरला तर सामना सुरू करावयाचा नाहीं, असा त्याचा नियम आहे. बर्फांत वाढलेल्या लोकांनीं हा नियम केला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. थंडीला न भिणारे लोकच थंडीचा हिशेब अधिक काटेकोर ठेवतात. पिस्तुलाच्या लहानशा स्थानिक सामन्यांत असा पारा पाहणारा अधिकारी बहुधा नसतो. तेथें पंचाची नजर आणि नेमबाजाचा स्वतःशीं असलेला प्रामाणिकपणा हींच मोजमापें. जाणत्या मंडळींत एक सोपी कसोटी चालते: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवितां आला नाहीं, तर त्या हातानें पिस्तूल उचलूं नये.

हिंवाळ्यांत नेमबाजी करावीच कशाला, असें कोणी विचारील. जो केवळ बंद दालनांत, विजेच्या दिव्याखालीं, समशीतोष्ण हवेंत नेम धरतो, त्याचे गुण अधिक येतात यांत संशय नाहीं. परंतु आपला हात कशानें बिघडतो हें त्याला कधींच कळत नाहीं. बर्फांत उभा राहिलेला नेमबाज तें एका सकाळीं शिकतो. कपड्यांची फट, तेलाचा थेंब, चष्म्यावरची वाफ, पायाखालची फळी, या प्रत्येकाचा हिशेब त्याला गुणपत्रिकेंत चुकता करावा लागतो. आणि सर्वांत कठीण धडा म्हणजे, पाळी आली असतां, सोबती पाहात असतां, बोट सांगत नाहीं असें ध्यानांत आल्यावर पिस्तूल रिकामें करून खालीं ठेवणें. त्या फेरीला शून्य गुण पडतात, आणि तरी त्या दिवसाचा सर्वांत अचूक निर्णय कधीं कधीं तोच असतो.