एक जानेवारीची पोरं

मी बडोद्यात एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, गेली 22 वर्षं. आज बोलायचंय अमेरिकेतल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाबद्दल, पण सुरुवात माझ्या वडिलांच्या वाढदिवसापासून करतो.

वडिलांची जन्मतारीख 1 जून. काकांची 1 जून. आत्याचीसुद्धा 1 जूनच. हसताय, म्हणजे तुमच्याही घरी आहे कोणीतरी. शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी बघायचे, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का. लागला की झालं, वर्ष अंदाजाने आणि तारीख 1 जून. आम्ही त्याच्यावर विनोद करतो, कारण त्यामुळे आमचं काही अडलं नाही.

आता अमेरिकेत चला. मेन नावाचं राज्य, अगदी ईशान्येच्या टोकाला, कॅनडाला लागून. तिथे लुईस्टन हे 36 हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. नदीकाठी कापडगिरण्या होत्या, त्या बंद पडल्या, दुकानं ओस पडली. ज्यांना मुंबईचं गिरणगाव माहीत आहे त्यांना यापुढे सांगायला नको. गाव आइस हॉकीचं वेडं. हो, आणि 1965 साली महंमद अली आणि सॉनी लिस्टनची ती गाजलेली लढत याच गावात झाली, पहिल्याच फेरीत संपली.

2001 पासून या गावात सोमालियातली निर्वासित कुटुंबं येऊ लागली. अनेकांची आधीची वर्षं केनियातल्या दादाबसारख्या छावण्यांमध्ये गेलेली. 2002 मध्ये महापौरांनी सोमाली समाजाला जाहीर पत्र लिहिलं: आता आणखी लोकांना येऊ देऊ नका, गावाला झेपत नाही. ते पत्र देशभर गाजलं. जानेवारी 2003 मध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाची भाषा करणाऱ्या एका गटाने गावात सभा घेतली. तिला जेमतेम काही डझन माणसं आली. त्याच दिवशी त्यांच्या विरोधात हजारो जमले. म्हणजे गाव एका मनाचं नव्हतं, कुठलंच नसतं. गंमत अशी की जुने लुईस्टनकर स्वतः क्वेबेकहून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या गिरणी कामगारांची नातवंडं-पतवंडं. 1919 साली मेनने कायदा करून शाळांमधून इंग्रजीतच शिकवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या आजोबा-पणजोबांचीच भाषा वर्गाबाहेर गेली होती.

माईक मॅकग्रॉ हे लुईस्टन हायस्कूलचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक. तीन दशकं शिकवत होते, राज्याचं अजिंक्यपद एकदाही नाही. या मुलांमुळे त्यांचा संघच बदलला. ही पोरं छावणीतल्या धुळीत चिंध्यांचा, प्लास्टिकच्या पिशव्यांचा चेंडू करून खेळलेली. पाय सफाईदार, पास छोटे. एक मुलगा थ्रो-इन घेताना चेंडूसकट कोलांटी उडी मारायचा आणि चेंडू थेट गोलसमोर पाठवायचा. त्याचे व्हिडिओ आहेत, जरूर बघा. मी माझ्या पोरांना दाखवले आणि आठवडाभर मैदानात सगळे डोक्यावर पडत होते. चूक माझी.

एक गोष्ट समजून घ्या. अमेरिकेत चांगल्या खाजगी क्लबात फुटबॉल शिकायचं तर वर्षाला हजारो डॉलर लागतात. निर्वासित घरातल्या मुलाला शाळेचा संघ हाच रस्ता. म्हणून त्या संघात असणं-नसणं याला फार वजन.

आणि इथे येते जन्मतारीख. पळून आलेल्या माणसाकडे दाखला कुठला? नोंदणी करणारा अधिकारी विचारतो, वर्ष सांगा, आणि तारीख टाकतो 1 जानेवारी. भाऊ-भाऊ, आई-बाप, सगळ्यांची 1 जानेवारी. शालेय स्पर्धेला मात्र वयाची मर्यादा असते. मग मुलगा उंच असला, दाढी फुटलेली असली, दोन गोल मारले, की कुजबुज सुरू: हा खरंच शाळकरी आहे का? एमी बास या लेखिकेचं 2018 सालचं 'वन गोल' हे पुस्तक याच संघावर आहे. ते वाचताना मला सामन्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त लागली. का ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत बांधकामावरच्या मजुराचा मुलगा होता, बिहारचा. डावखुरा, वेगवान. आंतरशालेय स्पर्धेच्या आधी मी त्याचं आधार कार्ड पाहिलं: 1 जानेवारी. शाळेच्या रजिस्टरात वेगळीच तारीख. समोरच्या शाळेने हरकत घेतली तर संघ बाद होईल, या भीतीने मी त्याला वगळलं. त्याला कारणही नीट सांगितलं नाही. म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्याच्या बापाची साइट बदलली. ज्या माणसाच्या बापाची जन्मतारीख 1 जून आहे, त्याने हे केलं.

मॅकग्रॉ यांचं काम सोपं होतं असं मी म्हणत नाही. सुरुवातीला जेवायला बसतानाही पोरं वेगवेगळे कोंडाळे करून बसत. हळूहळू संघाची एक आरोळी ठरली, स्वाहिलीत: पामोजा न्दुगू. म्हणजे भावांनो, एकत्र. ती गोरी पोरंही ओरडायची. 2014 मध्ये ते अंतिम सामन्यात हरले. 2015 च्या हंगामात एकही सामना हरले नाहीत. 113 गोल केले, 7 खाल्ले. 7 नोव्हेंबरला पोर्टलंडमध्ये अंतिम सामना झाला, स्कारबरो शाळेशी. सुमारे साडेचार हजार प्रेक्षक. 80 मिनिटांच्या खेळात एकच गोल, आणि तो लुईस्टनचा. शाळेच्या इतिहासातलं फुटबॉलचं पहिलं राज्य अजिंक्यपद.

त्यामुळे गावातला द्वेष संपला का? नाही. गोल केला म्हणून घर भाड्याने मिळत नाही. आणि जी सोमाली पोरं फुटबॉल खेळतच नाहीत त्यांनी काय सिद्ध करायचं, हा प्रश्न मला अजून छळतो. पण त्या रात्री जे लोक 'आमचा संघ' म्हणाले, त्यांना ते शब्द परत घेणं अवघड गेलं असेल, एवढं मी खेळाचा मास्तर म्हणून सांगू शकतो.

मी आता काय करतो? जूनमध्ये, नावं घेतानाच, प्रत्येक मुलाचे कागद बघतो. तारखा जुळत नसतील तर पालकांना घेऊन दुरुस्तीच्या रांगेत स्वतः उभा राहतो. अर्धा दिवस जातो, कधी तीन खेपा होतात. यंदा तीन मुलं होती. दोघांचं काम झालं. तिसऱ्याच्या आईला मंगळवारी परत बोलावलंय. मीही जाणार आहे.