समुद्राचे बियाणे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मी शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला तुमच्यातलाच एक. पण आपण गोव्यात राहतो, मासळी खातो, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शैवाले तरंगत असतात. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे काम तीच करतात. पावसाळ्यात खोल पाण्यातली पोषकद्रव्ये वर येतात, त्यावर डायटम नावाची शैवाले वाढतात आणि त्यांच्यावर आपली तारली पोसते.

आता समुद्र तापतो आहे. अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटम फुलत, तिथे गेल्या वीसेक वर्षांत नॉक्टिल्युका नावाचा जीव माजू लागला आहे. रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे आपण कौतुकाने फोटो काढतो, ती चमक बहुधा याचीच. हा डायटमही खातो. शिवाय माशांचे खाद्य असलेल्या बारीक जीवांना तो खायला फार मोठा पडतो.

मग जुने वाण राखायचे कसे? प्रयोगशाळेतली नेहमीची रीत विरजणासारखी आहे. दर काही आठवड्यांनी थोडे शैवाल काढून ताज्या द्रावणात घालायचे. खंड पडला की वाण गेला. खंड नाही पडला तरी वर्षानुवर्षांत वाण बदलतो. कित्येक डायटम तर पिढीगणिक आकाराने लहान होत जातात.

दुसरी रीत गोठवण्याची. पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की ती फुटते. म्हणून आधी संरक्षक द्रव्य मिसळतात, मिनिटाला साधारण एक अंश या संथ गतीने उणे ४० अंशांपर्यंत थंड करतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथे काळ जणू थांबतो. हवे तेव्हा कोमट पाण्यात झटपट वितळवून, मंद उजेडात सावरू दिले की शैवाल पुन्हा वाढू लागते. स्कॉटलंडमधल्या ओबान येथील संग्रहात असे वाण जपले आहेत.

मात्र सगळीच शैवाले ही थंडी सोसत नाहीत. आणि जे कधी गोळाच केले नाही, ते गोठवणार कुठून? राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय आपल्या दोनापावलाला आहे. आपल्या मुलांपैकी कुणी या कामात गेले, तर मंडळाला अभिमानच वाटेल.

शेतकरी कणगीत बियाणे राखतो ते शेत आहे म्हणून. शेतच नासले तर त्या बियाण्याचे करायचे काय? समुद्राचेही तसेच आहे. बियाणे शास्त्रज्ञ राखतील. शेत राखणे आपल्या सगळ्यांकडे आहे.

गणपती बाप्पा मोरया!