खोट्या अवतरणाने कोण निर्दोष सुटतो?



मेकॉलेचे एक चित्र गेली कित्येक वर्षे मोबाइलच्या पडद्यावर फिरत आहे. चित्राखाली त्याच्या तोंडी घातलेला मजकूर असतो. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात तो म्हणे बोलला की, साऱ्या हिंदुस्थानात हिंडूनही एक भिकारी वा चोर दिसला नाही. हा देश जिंकावयाचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडलीच पाहिजे. वाचणाऱ्याची छाती फुगते आणि मजकूर पुढच्या गटाकडे रवाना होतो.

हे अवतरण बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो १८३४ च्या जूनमध्ये मद्रासला उतरला, गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलाचा सभासद म्हणून कलकत्त्यास राहिला आणि १८३८ साली मायदेशी परतला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे, आणि त्या टिपणात हे वाक्य कोठेही नाही. शिवाय पेशवाई १८१८ मध्येच बुडाली असता, १८३५ साली देश 'जिंकण्याची' भाषा कोण करील?

याचा अर्थ मेकॉले निर्दोष होता असा नव्हे. पौर्वात्य वाङ्मयाविषयीची त्याची तुच्छता आणि राज्यकर्ते व प्रजा यांच्यामध्ये इंग्रजी अभिरुचीचा दुभाषी वर्ग घडविण्याची त्याची योजना खऱ्या टिपणात स्वच्छ दिसते. त्याचा निषेध करण्यास खरा मजकूर पुरेसा आहे.

मग या बनावटीने कोणाचे काम होते? १७५७ साली प्लासी झाली, १७६५ साली कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, १७७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १८३२-३३ मध्ये गुंटूरच्या दुष्काळात माणसे अन्नान्न करून मेली. त्यानंतर दोनच वर्षांनी देशात भिकारी नव्हता असे मानले, तर कंपनीच्या सत्तर वर्षांच्या लुटीने कोणी दरिद्री झालेच नाही, असे कबूल करावे लागते! दादाभाई नौरोजींनी आकडे मांडून संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत उभा केला. १९०१ साली तो ग्रंथरूपाने आला. साम्राज्यावरील हा आरोप देशाभिमानाच्या वेषात आलेले एक खोटे वाक्य पुसून टाकते.

दुसरे झाकण अधिक जाड आहे. मोडली गेली म्हणतात ती जुनी शिक्षणपद्धती कोणासाठी होती? शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना तिच्यात कितीसे स्थान होते? जोतीराव व सावित्रीबाईंना १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तक्रार केली की, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. कंपनीच्या मुलखातील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्ये काढून घेण्यात आली. सुवर्णयुगाच्या चित्रात गुलामाला आणि वेठबिगाराला जागा नसते, म्हणूनच ते चित्र काहींना इतके सुंदर दिसते.

कार्यकर्त्याने अशा मजकुराला शिवीने उत्तर देऊ नये. पाठविणारा बहुधा शेजारी, नातलग वा सहकारी असतो. त्याचा अभिमान खरा असतो, पुरावा तेवढा खोटा असतो. त्याला तीन प्रश्न विचारावेत: हे वाक्य कोठे छापले आहे? त्या तारखेस बोलणारा कोठे होता? ते खरे मानल्याने कोणाचा अपराध झाकला जातो? तिसऱ्या प्रश्नाशी चर्चा इतिहासातून आजच्या राजकारणात येते.

हीच कसोटी स्वपक्षालाही लावली पाहिजे. गांधी, आंबेडकर, लोहिया यांच्या तोंडी सोयीची वाक्ये घालणारी चित्रे पुरोगामी गटांतही फिरतात आणि आवडतात म्हणून तपासली जात नाहीत. शोषितांची बाजू मांडणाऱ्याकडे सत्ता नसते, पैसा नसतो. त्याची एकच मिळकत म्हणजे त्याच्या शब्दावरचा विश्वास. ती खोट्या नाण्यांत उधळण्याची चैन त्याला परवडणारी नाही.