गाठीला जगवतं कोण?



 

गावोगावचे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, लॅब टेक्निशियन असे आपण वरळीत जमलो आहोत. इथून परळचं टाटा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. रस्ता मोकळा मिळाला तर, म्हणजे बहुधा रविवारी पहाटे. आजच्या माझ्या विषयाची मुळं त्याच परळमध्ये आहेत. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजीची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. त्यांच्या हाताखाली पुण्याहून आलेल्या कमल समर्थ, म्हणजे आपल्या कमल रणदिवे, संशोधन करू लागल्या. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढवण्याची विद्या शिकल्या आणि परळला परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली.

ही विद्या ज्यांनी केली आहे त्यांना एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. पेशीला नुसती साखर, क्षार आणि अमिनो आम्लं देऊन भागत नाही. गाय यांच्याकडे पेशींच्या खुराकात कोंबडीचा प्लाझ्मा, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळाच्या नाळेतलं सीरम असं काय काय घालत. आजही बाटलीतलं सीरम काढून घ्या, बहुतेक निरोगी पेशी वाढायच्या थांबतात आणि पुढे मरू लागतात. अन्न समोर असताना मरतात. त्या सीरममध्ये अन्नापलीकडचं जे काही असतं, त्यातलं बरंचसं म्हणजे ग्रोथ फॅक्टर. रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामाला. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. ज्यांना योग्य तो फॅक्टर पोचतो त्या राहतात, बाकीच्या जातात. १९९२ साली मार्टिन रॅफने हा नियम शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींना लावून दाखवला. पेशी जगते ती इतर पेशींनी 'जग' म्हणून सांगितलं तर. सांगणारं कुणी उरलं नाही, तर ती स्वतःला शिस्तीत संपवते. या शिस्तबद्ध मरणाला अपॉप्टोसिस हे नाव १९७२ साली मिळालं.

वरळीच्या बीडीडी चाळीत किंवा लालबागच्या खोल्यांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. कोकणातलं घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चाले. शेत असे, विहीर असे, पण दर महिन्याचा पोस्टमन चुकला की घर खचायला लागे. निरोगी पेशी त्या घरासारखी. कर्करोगाची पेशी काय करते, तर एकाच पोस्टमनवर विसंबून राहत नाही. कधी स्वतःच स्वतःला मनीऑर्डर पाठवते, कधी दाराला शंभर टपालपेट्या लावून घेते, आणि कधी तर पैसे न येताच मिळाल्याची सही करून मोकळी होते.

आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. खोटं नाही, पण अर्धंच आहे. बऱ्याच गाठींमध्ये जास्त धोक्याची असते ती मरण नाकारण्याची ताकद. इस्ट्रोजेन स्तनाच्या पेशीत शिरतं, रिसेप्टरला चिकटतं आणि काही जनुकं चालू करतं. त्यातलं सायक्लिन डी-१ पेशीला विभाजनाकडे ढकलतं. बीसीएल-२ मात्र मरणाची यंत्रणा रोखून धरतं. ग्रोथ फॅक्टरचा रस्ता वेगळा. ईजीएफआर किंवा हर-२ हे रिसेप्टर पेशीच्या पटलावरून इशारा देतात, तो पीआय३ कायनेजमार्फत एकेटीपर्यंत जातो आणि एकेटी 'बॅड' नावाच्या मारेकरी प्रथिनाला फॉस्फेट लावून निकामी करतं. रस्ते दोन, मुक्काम एक: मायटोकॉन्ड्रियाचं दार बंद राहतं आणि पेशी जगते. शिवाय हे दोन रस्ते मधेमधे एकमेकांना मिळतात. आपल्या औषधांची गोची नेमकी तिथेच होते.

रणदिवेबाईंनी उंदरांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी अभ्यासल्या, तेव्हा यातली बहुतेक नावं जन्मालाही आली नव्हती. बिटनर या संशोधकाने १९३६ साली दाखवलं होतं की आईच्या दुधातून पिलात गाठीला कारण होणारं काहीतरी जातं. तो पुढे विषाणू निघाला. बाईंनी तो विषाणू, उंदरांचं वाण आणि संप्रेरकं यांचा एकमेकांशी संबंध शोधला. एका कारणावर बोट ठेवून मोकळं व्हायचा मोह त्यांनी टाळला, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं. आपल्या प्रदेशात अशा संशोधनाची परंपरा आहे आणि आपण ती फार कमी सांगतो.

उपचारांचा इतिहास मी धावता घेते, तुम्हाला तो पाठ आहे. ग्लासगोच्या बीटसनने स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात बीजकोश काढून गाठी आक्रसल्याचं १८९६ साली जाहीर केलं. 'हार्मोन' हा शब्द रूढ व्हायला त्यानंतर नऊ वर्षं लागली. हगिन्सने १९४१ साली प्रोस्टेटबाबत तेच दाखवलं. मग इस्ट्रोजेनचा रिसेप्टर अडवणारं टॅमॉक्सिफेन आलं, १९९८ साली हर-२ रोखणारं ट्रास्टुझुमॅब आलं. तत्त्व सगळीकडे एकच, 'जग' हा निरोप तोडायचा.

आता जे सांगण्यासाठी मी इथे उभी आहे तिथे येते. निरोप तोडायचा तर आधी तो कुठून येतोय ते कळायला हवं, आणि ते सांगतो आपला आयएचसीचा, म्हणजे पेशीतले रिसेप्टर रंगवून दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टाटा हॉस्पिटलच्या एका अभ्यासात स्तनाच्या ७९८ गाठी तपासल्या होत्या. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेल्या, निघाल्या जेमतेम एक तृतीयांश. पाश्चात्त्य देशांत हा आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास. मग आपल्याकडे सिद्धान्त निघाले: भारतीय बायकांचा आजारच वेगळा, वंश वेगळा, आहार वेगळा. काही अंशी ते खरंही आहे. आपल्या रुग्ण वयाने लहान असतात आणि तरुण वयात ईआर निगेटिव्ह गाठी जास्त. पण त्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागाने २००९ साली पुढच्या आठ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा पॉझिटिव्ह गाठी निम्म्याच्या वर गेल्या होत्या. इतक्या थोड्या काळात वंश बदलत नाही. बदललं होतं ते बरंचसं आपलं काम.

ते काम म्हणजे काय, हे ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ चिरून तुकडे घेण्याच्या, टेबलावर उभं राहिलेल्याला विचारा. तालुक्याच्या गावाहून गाठ येते ती टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत. आत जाताना मऊ असलेला तुकडा फॉर्मॅलिनने कडक होतो, मग अरुंद तोंडातून बाहेर येत नाही; बाटली फोडावी लागते. फॉर्मॅलिन तळाशी दोन बोटं. गाठ न चिरता तशीच टाकलेली. मी सुरी घालते तेव्हा बाहेरचा थर करडा आणि घट्ट, आतला गाभा मात्र लालसर, बुळबुळीत, कुजल्याचा वास येणारा. फॉर्मॅलिन तिथवर पोचलेलंच नसतं. त्या गाभ्यातून तपासणीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, घेतला, तर रिसेप्टर रंग कसा घेणार? पेशीत तो होता. आपण तो बाटलीत घालवला. ऑपरेशननंतर तासाभरात गाठ चिरून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे आणि सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे, हा जगभरचा नियम आहे. याला मशीन लागत नाही. मोठ्या तोंडाचा डबा लागतो.

आणि एकट्या सर्जनना दोष देऊन आपली सुटका नाही. स्लाइडवर गाठीशेजारी निरोगी नलिका असतात. त्यांच्यात काही पेशी ईआरने रंगल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर गाठ निगेटिव्ह नाही, टेस्ट फसली आहे. किती रिपोर्टांत या नलिकांचा उल्लेख असतो? २०१० पासून एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरायचं ठरलं, तरी जुना दहा टक्क्यांचा उंबरठा काही ठिकाणी सवयीने चालू आहे.

'निगेटिव्ह' या एका शब्दाची किंमत ऐका. ईआर पॉझिटिव्ह बाईने पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पंधरा वर्षांच्या हिशेबात या आजाराने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. ही गोळी स्वस्त आहे, गावातल्या मेडिकलमध्ये मिळते. चुकीच्या रिपोर्टामुळे ती ज्या बाईच्या हातात पडत नाही, तिला आपण महागडी केमो देतो आणि घरी पाठवतो.

गोळी मिळालेल्यांचीही एक अडचण आहे. अंगातून वाफा निघतात, पाळी बिघडते, आणि गाठ तर केव्हाच काढून झालेली असते. वर्षभराने बाई म्हणते, "आता मला काही नाही ओ मॅडम, गोळी कशाला?" तिचं काही चुकत नाही. कुठेतरी हाडात, यकृतात दडून बसलेल्या चार पेशी इस्ट्रोजेनवर तग धरून असतील आणि गोळी त्यांचा आधार रोज तोडते आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ओपीडीत वेळ नसतो, हे मला कळतं. पण हे सांगायला दोन मिनिटं पुरतात आणि ती मराठीत सांगता येतात.

संप्रेरकांचं प्रकरण 'असलं की वाईट, नसलं की चांगलं' इतकं सोपं नाही, हेही परळनेच दाखवलं. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक हजार स्त्रियांवर चाचणी केली: ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. २०११ साली निकाल आला. सगळ्या मिळून पाहता फरक ठरवून सांगण्याजोगा नव्हता. मात्र काखेतल्या गाठींत रोग पोचलेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५४.७. उपगटातला निकाल म्हणून मी तो सावधपणे घेते. पण ऑपरेशनच्या आसपासचे दिवस निसटलेल्या पेशींच्या जगण्यामरण्याचे असतात, हा त्यातला विचार मला पटतो.

फुप्फुसाचं उदाहरण याहून रोकडं. ईजीएफआर बिघडलेल्या रुग्णांत ते रोखणाऱ्या नुसत्या गेफिटिनिबऐवजी गेफिटिनिबसोबत केमो दिली, तर आजार रोखून धरण्याचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. टाटाचीच चाचणी, ३५० रुग्ण, २०२० चा निबंध. तीव्र दुष्परिणामही दुप्पट झाले, तेही सांगायला हवं. एक रस्ता अडवला की पेशी दुसरा शोधते. स्तनाच्या गाठीत तर रिसेप्टरचं जनुकच असं बदलतं की इस्ट्रोजेनशिवाय तो चालू राहतो. म्हणून आजार परत आला की परत बायोप्सी घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर आजचा उपचार ठरवू नका.

एक ठराव मी सचिवांकडे दिला आहे. बायोप्सीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवावेत: गाठ शरीरातून निघाली ती वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये पडली ती वेळ. रिपोर्टावर एक ओळ वाढवावी: शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या का. रकाने रिकामे असतील तर लॅबने फोन करून विचारावं, आणि सर्जनने तो फोन उचलावा. दुपारच्या सत्रात यावर चर्चा ठेवली आहे; सर्जन मंडळींनी जेवून परस्पर निघून जाऊ नये, कारण तुमच्याशिवाय तो ठराव मंजूर करण्यात काही अर्थ नाही.