मधुमेह, वाढते वजन आणि हृदयाची काळजी
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. माझा विषय पिकांचा. तेव्हा आजाराबद्दल मी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. परंतु मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. ग्रामीण भागात प्रौढांमधील प्रमाण ८.९ टक्के आढळले. मधुमेही माणसाला मोठा धोका असतो तो हृदयविकाराचा. म्हणून एका मोठ्या प्रयोगाची माहिती मी आपल्यापुढे ठेवतो. प्रयोग कसा वाचावा, हे आपणांस नवीन नाही.

प्रयोग आणि त्याचे निष्कर्ष

'लुक अहेड' नावाचा हा प्रयोग अमेरिकेत २००१ साली सुरू झाला. १६ केंद्रांवर मधुमेह असलेल्या व वजन जास्त असलेल्या ५,१४५ व्यक्ती घेण्यात आल्या. आपण जसे एका वाफ्यात शिफारशीप्रमाणे खत देतो आणि दुसरा वाफा तुलनेसाठी ठेवतो, तसे चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटाला मोजका आहार आणि आठवड्याला १७५ मिनिटे व्यायाम. दुसऱ्या गटाला फक्त माहिती व सल्ला. दोन्ही गटांचे औषधोपचार त्यांच्या डॉक्टरांकडे नेहमीप्रमाणे चालू होते.

पहिल्या वर्षी व्यायामाच्या गटाचे वजन सरासरी ८.६ टक्के उतरले. दुसऱ्या गटाचे ०.७ टक्के. परंतु सुमारे साडेनऊ वर्षांनंतर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे २०१२ साली प्रयोग थांबविण्यात आला.

मग चालणे आणि पथ्य व्यर्थ समजावे काय? बंधूंनो, घाई करू नका. दोन्ही वाफ्यांना पाणी व खत चांगले मिळाले, तर नव्या उपचाराचा फरक दिसणे अवघड जाते. येथे तसेच काहीसे झाले असावे. दोन्ही गटांना रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची औषधे मिळत होती. सल्ल्याच्या गटाने तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या अधिक घेतल्या. शिवाय शेवटी वजनातील फरकही कमी झाला. पहिल्या गटाची घट ६ टक्के आणि दुसऱ्याची ३.५ टक्के.

तसेच फायदा झालाच नाही असेही नाही. व्यायामाच्या गटाला औषधे कमी लागली, मूत्रपिंडाचे गंभीर विकार कमी झाले, हिंडणे-फिरणे अधिक काळ टिकले. पुढे २०१६ साली केलेल्या विश्लेषणात, पहिल्या वर्षी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २१ टक्के कमी आढळला. अर्थात हा पुरावा मूळ तुलनेइतका भक्कम मानता येत नाही.

यातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, पथ्य आणि गोळी ही बैलजोडी आहे. भाकरी व चालणे सुरू केले म्हणून मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नये. साखर उतरली तर डॉक्टरच मात्रा कमी करतील.

दुसरी गोष्ट, वजन. ९० किलोच्या माणसाने ९ किलो उतरविले की १० टक्के होतात. कमरेचा घेर टेपने मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास सावध व्हावे.

तिसरी गोष्ट, श्रम. "आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?" असे पुष्कळजण म्हणतात. पण आता नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटार ऑटोस्टार्टरवर चालते आणि शेतापर्यंत मोटारसायकल जाते. पेरणी-काढणीला श्रम होतात; मधले महिने बसून जातात. म्हणून रोज अर्धा तास, आठवड्यातून किमान पाच दिवस भरभर चालावे. वाहन वेशीवर ठेवून शेत गाठले तरी चालेल. छातीत दुखत असेल वा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पायात पादत्राणे असलीच पाहिजेत. मधुमेहात पाय बधिर होतात व काटा मोडलेला कळत नाही.

चौथी गोष्ट, आहार. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ किंवा अंडी-मासे, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी अथवा भात. ज्वारी-बाजरी चांगली, पण चार भाकरी खाल्ल्यास साखर वाढणारच. गूळही साखरच आहे. चहाच्या कपात दोन चमचे, म्हणजे अंदाजे १० ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत दिवसाला ५० ग्रॅम व महिन्याला दीड किलो होते. तेलाचाही हिशेब ठेवावा. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. लोणचे, पापड यांतून मीठ जास्त जाते, ते आवरावे. तंबाखू कोणत्याही रूपात नको.

गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी कष्टाचे काम करू नये. घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर साखर उतरली असे समजून लगेच साखर खावी. उपवासाबद्दल आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एक धोक्याची सूचना. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो. अचानक दम लागणे, थंड घाम, मळमळ, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ अशी लक्षणे दिसल्यास पित्त समजून घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

जमिनीचा कस जाणून घेण्यासाठी आपण माती तपासतो. तसेच ३० वर्षांवरील प्रत्येकाने, घरातील स्त्रियांनीसुद्धा, प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. मधुमेह असेल, तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करावी आणि आकडे वहीत लिहावेत. पिकाच्या नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही एक नोंद जड नाही. या हंगामात ती वही सुरू करावी, एवढीच विनंती.